एक सूर खाली

एर्नेस्टीने नावाची राजकन्या एल्मेनरोडेच्या मठात राहायला आली त्या दिवसापासून सिबिल्लाच्या पोटात दुखत होतं. कात्रीने नावाच्या तिच्या मोलकरणीने आधी बडीशेपेचा काढा दिला, मग शहाजिऱ्याचा, मग फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटेचा शेक. कशाने म्हणून उतार पडेना.

"बाईसाहेब, रागावणार नसाल तर सांगते," कात्रीने चरख्यावरून मान न उचलता म्हणाली. "समोरच्या खिडकीला पडदा लावा. बरं वाटेल."

"तोंड आवर."

"आवरलं. पण जेवण झाल्यापासनं तिथंच बसलाय म्हणून म्हटलं."

सिबिल्ला खरंच तिथेच बसली होती. अंगणापलीकडे मठाधीशांचं घर होतं; राजकन्या तिथे उतरली होती. त्याच्या वरच्या मजल्याच्या खिडक्या जूनच्या उन्हात सताड उघड्या होत्या आणि त्यांतून हार्पसिकॉर्डचे सूर खडी साखर सांडावी तसे अंगणात सांडत होते. त्या सुरांवरून एक आवाज चढत होता, उतरत होता, मध्येच थांबून हसत होता. तो आवाज गिझेलाचा होता. त्या आवाजातली प्रत्येक पायरी सिबिल्लाने आपल्या हाताने बांधली होती, आणि आता त्या पायऱ्यांवरून दुसरंच कोणी पैंजण घालून फिरत होतं.

चरख्याची लय धरून कात्रीने आपली गुणगुणू लागली. तिच्या गावाकडच्या बाया जवसाचा धागा कातताना म्हणतात तेच गाणं:

जवसाचं निळं फूल वाऱ्यासंगं डुले बाई,
ज्याच्या अंगणी लाविलं त्याचं ते राहिलं नाही.
पाखरू मी वाढविलं ओंजळीच्या दाण्यावरी,
पंख फुटले, नि बसे शेजारणीच्या दारी.

"दुसरं काही येत नाही का तुला?" सिबिल्ला म्हणाली.

"येतं की. पण ते पण असलंच आहे."

*

एल्मेनरोडेच्या मठात राहायचं तर आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून खानदान चोख लागे. एवढं असलं की झालं. उपास नव्हते, मुंडण नव्हतं, लग्न ठरलं तर सामान बांधून खुशाल निघून जाता येई. सकाळ-संध्याकाळ पांढरा रुमाल डोक्यावर घेऊन चर्चमध्ये जायचं. एरवी आपापलं घर, आपापली मोलकरीण, आपापली कॉफी आणि आपापली भांडणं. गादीवर मात्र राजघराण्यातली मुलगीच बसे. सिबिल्ला काउंटची लेक. गादी आपली नाही हे तिला समजायला लागल्यापासून ठाऊक होतं आणि गादीचं तिला दुःखही नव्हतं. तिचं होतं ते संगीत.

मागच्या मठाधीशबाई बिचाऱ्या भल्या होत्या. त्यांना गाण्यातलं काडीचं कळत नसे. "सिबिल्ला, सूर तू बघ, मी मुदपाकखाना बघते," असं म्हणून त्यांनी सगळं तिच्या पदरात टाकलं होतं. सणावारी चर्चमध्ये जे काही गायलं जाई ते सिबिल्लाच्या हातचं. आणि तिच्या गाण्यांना आवाज मिळाला तो गिझेलाचा.

गिझेला नऊ वर्षांची असताना मठात आली. आईबाप गेलेले, खानदान सोळा आणे आणि पायात बूट नाहीत. तिला सिबिल्लाच्या घरी ठेवलं. पोरगी ना नात्याची ना गोत्याची, पण "मावशी" म्हणून जी चिकटली ती चिकटलीच. सिबिल्लाने तिला श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, कुठे चोरायचा ते शिकवलं. गाण्यापूर्वी पोरगी घाबरे. मग पहिला सूर घ्यायच्या आधी ती सिबिल्लाकडे बघे, सिबिल्ला हनुवटी जराशी उचले, की तिचा सूर लागे. आता गिझेला चांगली वीस वर्षांची झाली होती, तरी ही खोड गेली नव्हती.

म्हाताऱ्या मठाधीशबाई आजारी पडल्या त्या हिवाळ्यात सिबिल्लाने कोणाला न सांगता एक स्तोत्र लिहायला घेतलं. नवी मठाधीश गादीवर बसते त्या दिवशी चर्चमध्ये नवं स्तोत्र गायचं, अशी रीत होती. गादीचं स्तोत्र. कोणी जिवंत असताना तिच्यानंतरच्या गादीचं स्तोत्र लिहायला बसणं बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण हात थांबेना. लिहिता लिहिता ती गिझेलाचा आवाज कानात ऐकत होती.

म्हातारबाई गेल्या, आणि मठातल्या सगळ्यांत वडील बाईंनी, ओटिलिएमावशींनी, तिला कॉफीला बोलावलं. टेबलावर चेरीचा केक होता. ओटिलिएमावशींनी केक स्वतःच्या हाताने वाढला तेव्हाच सिबिल्लाला संशय आला.

"नव्या राजकन्येचं पत्र आलंय," मावशी तपकीर ओढत म्हणाल्या. "मुलगी हुशार आहे म्हणे. गादीचं स्तोत्र ती स्वतःच लिहून आणतेय."

सिबिल्लाने केकमध्ये काटा खुपसला. तो तसाच उभा राहिला.

"तुझं पुढच्या वेळी, सिबिल्ला. हिवाळाभर रात्री तुझा दिवा कशाला जळत होता ते कळतं मला."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी, मावशी? ही मेल्यावर? माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे ती."

"देवाची इच्छा असेल तर..."

"मावशी!"

"अगं, तपकिरीमुळे बोलले," असं म्हणून मावशी मोठ्यांदा शिंकल्या.

*

राजकन्या दिसायला सुंदर असती तर सिबिल्लाला सोपं गेलं असतं. रूपावर जळायचे दिवस तिचे कधीच सरले होते. पण राजकन्येच्या तोंडावर देवीचे व्रण होते, हात सुताराच्या हातासारखे रुंद होते, बाहीला कायम शाईचा डाग असे आणि ती पुरुषासारखी खदखदून हसे. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "आवाज कोणाचा चांगला आहे इथे?" आणि सगळ्यांनी एकदमच गिझेलाकडे बघितलं.

त्या दिवसापासून गिझेला दुपारी घरी नसे. दरबारातून आलेल्या वाजवणाऱ्या मंडळींबरोबर राजकन्येच्या दिवाणखान्यात तालीम चाले. संध्याकाळी येई ती गाल लाल करून.

"मावशी, सरकार म्हणतात माझा आवाज दव पडल्यासारखा आहे."

"दव पडलं की घसा बसतो. मफलर घेत जा."

"आणि मावशी, मधला भाग असा काही लिहिलाय ना त्यांनी! आवाज वर जाईल जाईल असं वाटतं, आणि तो नुसता तिथेच थांबतो. खाली ओबो आपला चालत राहतो. रडूच येतं मला."

"रडत गाऊ नये. सूर पडतो."

"तुम्ही एकदा ऐकायला तरी या."

"ऐकू येतं मला. अख्ख्या अंगणाला ऐकू येतं."

गिझेला हिरमुसली आणि बुटांचे बंद सोडत बसली. बूट नवे होते, निळ्या रेशमाचे. ते कोणी दिले हे सिबिल्लाने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मग गादीच्या दिवसाच्या थोडं आधी राजकन्या स्वतःच अंगण ओलांडून सिबिल्लाच्या दारात आली. बरोबर ना हुजऱ्या ना कोणी. काखेत कागदांचा गठ्ठा.

"काउंटेस, ऑर्गनवाल्यासाठी कागद इथे तुम्ही उतरवता म्हणे."

"मीच उतरवते, सरकार. ती रीत आहे."

"मग हे घ्या. एकच विनंती. आहे तसं उतरवा. आमच्या बाबांचा संगीतप्रमुख माझं काहीही उतरवायला बसला की इकडे एक सूर बदल, तिकडे एक सूर बदल. वर म्हणायचा, 'सरकारांच्या मनात हेच होतं.' माझ्या मनात काय होतं ते त्याला कुठून कळणार? तुम्ही तसं करू नका. जसंच्या तसं."

"जसंच्या तसं," सिबिल्ला म्हणाली.

राजकन्या खिडकीपाशी रेंगाळली, समोरच्या आपल्याच खिडक्यांकडे बघून हसली. "इथून सगळं दिसतं की हो आमचं!"

"दिसतं, सरकार."

*

एल्मेनरोडेच्या चर्चमधला ऑर्गन फार जुना. त्याची पट्टी चढी. दरबारातली व्हायोलिनं, ओबो, हार्पसिकॉर्ड सगळी उतरत्या पट्टीतली; त्यांच्या आणि ऑर्गनच्या मध्ये एका अख्ख्या सुराचं अंतर. म्हणून दोघांना बरोबर वाजवायचं असलं की ऑर्गनवाल्याचा कागद एक सूर खाली लिहायचा. तो खाली वाजवतो, ऑर्गन वर बोलतो आणि सगळं एका जागी येतं. मठातल्या भिंतींनासुद्धा हे पाठ होतं. राजकन्येच्या वडिलांच्या चर्चमध्ये मात्र नवा कोरा ऑर्गन होता, दरबारी पट्टीतला. तिला हे अंतर ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

ऑर्गन वाजवणारे क्नोल गेली कितीतरी वर्षं सिबिल्लाने खाली उतरवलेलाच कागद वाजवत आले होते. कागदावर जे असेल त्यावर बोट. त्यापलीकडे विचार करायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. आणि मठाची आणखी एक रीत होती: मठाधीश गेली की नवी गादीवर बसेपर्यंत ऑर्गनला झाकण. सुतकात ऑर्गन बोलत नाही. तो पहिल्यांदा बोलणार तो गादीच्या स्तोत्रातच. म्हणजे ऑर्गनबरोबर तालीम होणारच नव्हती.

सिबिल्लाने कागद ताणून घेतला, बोरू तासला आणि सवयीने पहिली ओळ एक सूर खाली लिहिली.

मग ती थांबली. समोरच्या खिडकीतून गिझेला गात होती.

तिने चाकू घेतला, ती ओळ हलकेच खरवडली, फुंकर मारून धूळ उडवली आणि त्याच जागी राजकन्येने लिहिलं होतं ते लिहिलं. जसंच्या तसं. मग दुसरी ओळ. मग तिसरी.

लिहिता लिहिता ते स्तोत्र तिच्या डोळ्यांतून आत उतरू लागलं. कुठे वाईट सापडतं का म्हणून ती वाचत होती. एका ठिकाणी खालचा स्वर जड होता, एका ठिकाणी दोन आवाज एकमेकांच्या पायात येत होते. तिथे तिला बरं वाटलं. पण मग तो मधला भाग आला, गिझेला म्हणाली होती तो. आवाज वर जाईल जाईल असं वाटतं आणि तो तिथेच थांबतो. सिबिल्लाचा हात थांबला. हिवाळाभर ती आपल्या स्तोत्रात हीच एक जागा शोधत होती, आणि तिला ती सापडली नव्हती. तिने आपल्या गिझेलाचा आवाज वर चढवला होता, शिखरावर नेला होता, सगळं दाखवलं होतं. त्याला नुसतं उभं करावं आणि खालून दुनिया चालू द्यावी, हे तिला सुचलं नव्हतं. पोरगी आपली, आवाज आपला, आणि त्याला काय हवं हे ओळखलं त्या शाईच्या बाहीच्या बाईने.

वाईट असतं तर तिने ते सुधारलं असतं. चांगलं होतं म्हणूनच तिने शेवटपर्यंत एकही सूर खाली उतरवला नाही.

"बाईसाहेब, बरं दिसतंय आज?" कात्रीने आत येत म्हणाली. "तोंडावर रंग आलाय."

"काम संपलं."

"पोटाचं काय?"

"ते पण थांबेल," सिबिल्ला म्हणाली आणि शाई टिपायला कागदावर वाळू भुरभुरली.

*

गादीच्या दिवशी सकाळपासून घंटा वाजत होत्या. माळावरचा जवस फुलला होता आणि पाहुण्यांच्या गाड्यांनी त्याच्या कडा तुडवल्या होत्या. मुदपाकखान्यातून भाजत्या हंसांचा वास थेट चर्चच्या दारापर्यंत येत होता. दरबारातले काका, आत्या, चुलत्या; प्रत्येक बाईच्या हातात पंखा.

सिबिल्ला वर सज्जात होती. ऑर्गनच्या एका बाजूला व्हायोलिनं आणि ओबो, दुसऱ्या बाजूला गाणाऱ्या बाया, त्यांच्यापुढे एकटी गिझेला. ऑर्गनच्या मागे त्याला हवा देणारा भाता तुडवणारा म्हातारा फळीवर उभा राहून खोकत होता. क्नोल बाकावर बसले होते आणि समोर सिबिल्लाच्या सुंदर अक्षरातला कागद होता.

"वा, काउंटेस," क्नोल कुजबुजले. "किती स्वच्छ. एक डाग नाही."

पहिल्या ओळीवर चाकूची खरवड होती. ती त्यांना दिसली नाही.

खाली ओटिलिएमावशींनी किल्ल्यांचा जुडगा राजकन्येच्या हाती दिला. राजकन्या दगडी आसनावर बसली. आता स्तोत्र होईपर्यंत तिने उठायचं नाही, बोलायचं नाही, अशी रीत. सिबिल्लाने हे सगळं मनात कितीदा तरी बघून ठेवलं होतं: गिझेला आणि ओबो सुरुवात करतील, मग सगळ्या बाया एकदम उठतील, त्यांच्याखाली ऑर्गन उघडेल आणि छपरावर मांजरं भांडावीत तसा आवाज होईल. पंखे तोंडांवर जातील. आसनावर खिळलेली ती बाई लाल होत जाईल. दरबार म्हणेल, लिहिता येत नाही तर लिहावं कशाला?

ओबोवाल्याने ओठ ओले केले. गिझेला पुढे झाली. तिच्या पांढऱ्या बाहीची झालर वारा नसताना हलत होती.

आणि सिबिल्लाच्या लक्षात आलं की आपण इतक्यांदा बघितलेल्या त्या चित्रात गिझेला कुठेच नव्हती. मांजरं भांडली असती ती त्या पोरीच्या गळ्यापाशी. पंखे तिच्याकडे बघून वर गेले असते. कागद कोणी लिहिला, पट्टी कुठली, हे चर्चमध्ये कोणाला कळतं? गाणारी चुकली, एवढंच कळतं.

गिझेला आता खाली बघेल, त्या आसनाकडे, असं तिला वाटलं. नवे बूट ज्यांनी दिले त्यांच्याकडे. बघू दे.

गिझेलाने मान वळवली आणि सिबिल्लाकडे बघितलं. नऊ वर्षांची असताना बघायची तसंच.

सिबिल्लाची हनुवटी आपोआप उचलली गेली. गिझेलाचा सूर लागला.

"क्नोल, सरका."

"काय?"

"सरका म्हणते ना! उठा!"

"काउंटेस, अहो, आता बाया उठतील, मला..."

"म्हणून तर. उठा, नाहीतर ढकलीन."

क्नोल उठले, कारण ती खरंच ढकलेल असं तिच्या तोंडावर दिसत होतं. काउंटच्या घरच्या बाईने चारचौघांदेखत ऑर्गनच्या बाकावर बसणं हे एल्मेनरोडेत कोणी ऐकलं नव्हतं. सिबिल्लाने झगा गुडघ्यांपर्यंत गोळा केला, टाचांचे बूट झटकून टाकले, त्यातला एक गडगडत ओबोवाल्याच्या पायाशी गेला, आणि मोजे घातलेले पाय तिने पायाने वाजवायच्या पट्ट्यांवर ठेवले. बाया उठल्या. तिने ऑर्गन उघडला.

डोळे कागदावरचं वाचत होते आणि हात एक सूर खाली जात होते. प्रत्येक बोटाला सांगावं लागत होतं: इथे नाही, खाली, इथे नाही, खाली. बोटं सांध्यांत दुखत होती, ती बिचारी आधीच संधिवाताची. पण ऑर्गन ओबोला जाऊन मिळाला, बायांचे आवाज ऑर्गनवर चढले आणि कोणालाही काही न कळता सगळ्या गात राहिल्या.

मग मधला भाग आला. गिझेलाचा आवाज वर जाईल जाईल असं वाटलं, आणि तो तिथेच थांबला. सिबिल्लाने तो ऐकला आणि एका क्षणापुरती बोटांना सांगायचं विसरली. बोटाने कागदावर होतं तेच वाजवलं.

एकच सूर. पण रेशमात खिळा अडकून फाटावं तसा तो चर्चभर गेला. गिझेलाने पापणीही हलवली नाही. तशीच थांबून राहिली. सिबिल्लाने बोट खाली ओढलं.

खाली आसनावर राजकन्येने झटकन मान वर केली. सज्जाकडे बघितलं. परत खाली घातली.

*

दुपारी जेवणं उरकल्यावर बोलावणं आलं. पाहुणे बागेत पत्ते खेळत होते. राजकन्या एकटीच होती, गळ्यात नवा क्रूस, समोर ऑर्गनचा कागद. तो तिने क्नोलकडून मागवून घेतला होता.

"बसा, काउंटेस."

सिबिल्ला उभीच राहिली.

"मी हा वाचला," राजकन्या म्हणाली. "माझ्या कागदाशी ताडून बघितला. एका टिंबाचा फरक नाही. मग क्नोलना विचारलं की तुमचा ऑर्गन कुठल्या पट्टीत आहे. बिचारा घाबरला आणि सगळं सांगून मोकळा झाला." तिने बोट पहिल्या ओळीवर फिरवलं, खरवडलेल्या जागेवर. "इथे तुम्ही बरोबर लिहिलं होतं."

"हो."

"मग पुसलं."

"हो, सरकार."

"मी म्हणाले होते 'जसंच्या तसं', म्हणून?"

हे म्हणायची सोय होती. सिबिल्लाने ती सोय कागद उतरवताना हजारदा मनात म्हणून बघितली होती. आता तोंडात आली आणि तिथेच कडू झाली.

"नाही. तुमची फजिती व्हावी म्हणून."

राजकन्या उठली. ती रागावली की तिचे व्रण पांढरे पडत, हे सिबिल्लाने पहिल्यांदाच बघितलं. "माझी? माझी कसली फजिती? मी बसून होते. तिथे ती पोरगी उभी होती!"

"म्हणून तर मी बाकावर बसले. तुमच्यासाठी बसले नाही, सरकार. तसा गैरसमज नको."

बागेतून पत्तेवाल्यांचा आरडाओरडा आला. कोणीतरी जिंकलं होतं.

"इतकं वाईट आहे का माझं स्तोत्र?" राजकन्येने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

"वाईट असतं तर मी नीट उतरवलं असतं."

राजकन्येने तिच्याकडे बघितलं. मग ती परत खुर्चीत बसली, रुंद हात मांडीवर टाकून.

"मी तिला रोज दुपारी शिकवलं," ती म्हणाली. "प्रत्येक ओळ. बूट दिले, आमच्या आजीची कानातली द्यायची म्हणून काढून ठेवली. ते गाणं तिच्या गळ्यासाठी पुन्हा सगळं लिहिलं. आणि आज सुरुवातीला मी आसनावरून वर बघत होते. म्हटलं आता माझ्याकडे बघेल. तर ती तुमच्याकडे बघते! तुम्ही काय केलंत? नुसती हनुवटी उचललीत."

"ती लहानपणची खोड आहे तिची."

"मला नको सांगू खोड!" राजकन्या एकेरीवर आली आणि तिला ते कळलंही नाही. "जीव जळला माझा. गादीवर बसले होते, किल्ल्या हातात, सगळा दरबार समोर, आणि माझ्या डोक्यात एकच, की त्या म्हाताऱ्या बाईच्या हनुवटीत असं काय आहे?"

सिबिल्लाला हसू येईल असं वाटलं नव्हतं. ते आलं. तिने रुमाल तोंडाला लावला.

"हसता?"

"नाही सरकार. पोटात दुखतंय."

"दुखू दे."

राजकन्येने ऑर्गनचा कागद घडी करून बाजूला सारला, फाडला नाही. टेबलाच्या खणातून दुसरा गठ्ठा काढला आणि सिबिल्लापुढे सरकवला.

"ख्रिसमसपूर्वीच्या रविवारांसाठी आहे. ऑर्गनचा कागद तुम्हीच उतरवायचा. एक सूर खाली. आणि वाईट असेल तिथे लाल शाईने खूण करायची. तुमच्याइतक्या वाईट नजरेने माझं कोणी वाचलेलं नाही."

"मी सगळीकडेच खुणा करीन, सरकार."

"करा. मी सगळ्या पुसून टाकीन." मग ती थांबली. "आणि तुम्ही हिवाळ्यात जे लिहिलंत ते आणा. ओटिलिएबाई म्हणाल्या की काहीतरी आहे. मीही खुणा करणार."

"त्याची काही गरज नाही."

"गरज तुम्हाला नसेल. मला आहे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सिबिल्ला खिडकीपाशी बसली. गिझेला आतल्या खोलीत वेणी घालत होती आणि तीच जागा गुणगुणत होती, थांबलेली. कानांत राजकन्येच्या आजीची कानातली होती. सिबिल्लाने ती बघितली, आणि सुंदर आहेत असं काही ती म्हणाली नाही.

"मावशी, काल तुम्ही ऑर्गनला का बसलात?"

"क्नोलच्या पाठीत उसण भरली."

"ते तर म्हणाले तुम्ही ढकललंत."

"मग भरली ढकलल्यामुळे. वेणी घाल."

तिने लाल शाईची दौत उघडली आणि राजकन्येचा गठ्ठा पुढे ओढला. पहिल्या पानावर दोन खुणा केल्या, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर खालच्या स्वरांवर एक लांब रेघ ओढली आणि शेजारी लिहिलं, 'जड'. हात हलका होत गेला. कात्रीने कॉफी ठेवून गेली, जाताना डोकावून म्हणाली, "रक्तबंबाळ केलंत की!"

चौथं पान तिने वरून खाली वाचलं. मग खालून वर वाचलं. बोरू हातातच होता. टोकावरची शाई वाळली, तिने परत बुडवली, ती पुन्हा वाळली.

त्या पानावर तिने खूण केली नाही. उलटताना मात्र ते पान तिने जरा जोरातच उलटलं.